मुंबईहून ग्वातेमाला: चौघांची सॅक-भटकंती

मध्य अमेरिकेत सात देश एकमेकांना चिकटून आहेत. नकाशा पाहिला की पंधरा दिवसांत चार-पाच उरकायचा मोह होतो. आवरा. भारतीय पासपोर्टवर प्रत्येक सीमेचे नियम वेगळे, आणि सीमा ओलांडण्यात अख्खा दिवस जातो. दोन आठवड्यांसाठी एकटा ग्वातेमाला भरपूर आहे: जुनं शहर, तळं, ज्वालामुखी आणि माया अवशेष, सगळं तिथेच.

तिकिटाआधी व्हिसा बघा. मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो चौघांकडे असेल तर मेक्सिको सिटीमार्गेही जाता येतं, कारण वैध अमेरिकन व्हिसावर मेक्सिको भारतीयांकडे वेगळा व्हिसा मागत नाही. ग्वातेमालाचा स्वतःचा नियम दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाकडून ईमेलवर लेखी घ्या आणि तो ईमेल छापून सोबत ठेवा. चेक-इन काउंटरवर वाद झाला तर तोच कागद कामी येतो. स्वस्त तिकीट एल साल्वादोरच्या राजधानीमार्गे, म्हणजे सान साल्वादोरमार्गे दिसलं तर थांबा. एल साल्वादोरने ऑक्टोबर 2023 मध्ये भारतीय पासपोर्टवर 1,130 डॉलरचं विमानतळ शुल्क लावलं आणि त्यात नुसतं विमान बदलणारेही धरले. ते चालू आहे का, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

पैशांचं: डॉलरचं फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोकड. नोटा कोऱ्या हव्यात. फाटलेली, शिक्का मारलेली किंवा पेनाने लिहिलेली नोट तिकडे सर्रास परत करतात. रुपये कुणी घेत नाही. इथलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, डेटासाठी तिथलं सिम घ्या. नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि कार्ड असून अडकाल. वेळेत साडेअकरा तासांचा फरक आहे: तिथे रात्रीचे नऊ म्हणजे मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ. चौघांनी कॉन्ट्री काढून एका पाकिटात केत्साल (तिथलं चलन) ठेवावेत. शटल, होडी, पाणी सगळं त्यातून. रोज रात्री हिशोब करा. आठवडाभर साठलेला हिशोब मैत्री बिघडवतो.

वीज 120 व्होल्ट, प्लग दोन चपट्या पिनांचा. मोबाइलचा चार्जर अडॅप्टर लावून चालतो. इथली इमर्शन रॉड नेऊ नका.

खरा विचार करायचा तो अकातेनँगो ज्वालामुखीच्या चढाईचा. उंची 3,976 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, आणि ला सोलेदाद गावात ही चढाईच साधारण 2,400 मीटरवरून सुरू होते. म्हणजे सह्याद्रीत पाय कितीही तयार असले तरी विरळ हवेची सवय नसते. म्हणून क्रम असा लावा: अँटिग्वा या जुन्या शहरात (सुमारे 1,500 मीटर) दोन रात्री, अतित्लान तळ्याकाठी दोन-तीन, मग 2,300 मीटरवरच्या केत्साल्तेनँगोत दोन, आणि परत अँटिग्वात येऊन चढाई. विमानातून उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी चढायला घेतलं की गटातला एक तरी डोकं धरून बसतो. डोकेदुखीबरोबर उलटी किंवा तोल जाणं सुरू झालं तर वर जायचं नाही, त्याला घेऊन एकाने खाली उतरायचं. तो एक कोण, हे आधीच ठरवा.

वाट म्हणजे राखेचा घसारा. पाऊल टाकलं की अर्धं मागे सरकतं. चढताना दम जातो, उतरताना गुडघे. काठी घ्याच, पायथ्याला भाड्याने मिळते. बुटात राख जाऊ नये म्हणून गेटर बांधा. वर पाणी नाही, म्हणून माणशी चार लिटर, म्हणजे पाठीवर चार किलो नुसतं पाणीच. वरच्या मुक्कामाच्या तळापर्यंत चार ते सहा तास. तंबू आणि स्लीपिंग बॅग बहुतेक आयोजक देतात. बॅगेची चेन बंद होते का ते सूर्य मावळायच्या आत पाहा. कोरडी बनियन, लोकरी टोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जॅकेट हवंच. डिसेंबर-जानेवारीत पारा शून्याखाली जातो. जानेवारी 2017 मध्ये याच डोंगरावर सहा ट्रेकर थंडीने गेले. घामाने भिजलेला टी-शर्ट तळावर पोचताच बदला, गप्पा नंतर.

समोरचा फुएगो ज्वालामुखी रात्री लाव्हा उडवतो. पण तो ठरवून दिलेला खेळ नाही. कधी दिवसचे दिवस गप्प बसतो. आयोजक फुएगोच्या कड्यावर न्यायचे जादा पैसे मागतात. जाऊ नका. 3 जून 2018 च्या उद्रेकाने उतारावरची वस्ती गाडली होती. इन्सिवुमेह या सरकारी संस्थेचं बुलेटिन निघण्यापूर्वी वाचा.

मुंबईत तयारी म्हणजे आठ किलोची सॅक घेऊन बिल्डिंगचे जिने, आणि कळसूबाई एकदा त्याच बुटांनी. नवे बूट तिकडे फोडू नका.

अतित्लानवर गावं होडीने जोडली आहेत. दुपारनंतर शोकोमिल वारा सुटतो आणि लाटा उसळतात, तेव्हा फेऱ्या सकाळी आटपा.

तिकालचे माया अवशेष पाहायला फ्लोरेस गावात मुक्काम. ग्वातेमाला सिटीहून रात्रीची बस आठ-दहा तास, विमान साधारण एक तास. चौथं मंदिर सुमारे 65 मीटर उंच; लाकडी जिन्याने वर जाता येतं. पहिल्यावर चढायला बंदी आहे. पहाटे धुकं असेल तर सूर्योदय दिसत नाही, पण हाउलर माकडांच्या डरकाळ्या ऐकायला मिळतात. डास भरपूर, बाह्या लांब ठेवा.

शाकाहाऱ्यांनी स्पॅनिशमध्ये नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हणून भागत नाही. ताटात कोंबडी येऊ शकते. 'सिन पोयो, सिन हामोन' (कोंबडी नको, हॅम नको) हेही सांगा. घेवड्याची उसळ डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, तेव्हा 'मान्तेका?' (चरबी?) विचारा. मक्याचं तोर्तिया, अंडी, तळलेली केळी सगळीकडे मिळतात.

परतताना पनामात थांबणार असाल तर पिवळ्या तापाची लस आणि तिचं पिवळं कार्ड लागतं. लस सरकारमान्य केंद्रावर, निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या; कार्ड नसेल तर मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.