जुना टॅटू नव्या टॅटूखाली झाकताना

नवी शाई जुनी शाई पुसत नाही. दोन्ही त्वचेच्या एकाच थरात, साधारण 1 ते 2 मिलिमीटर खोल बसतात आणि डोळ्याला दिसतो तो त्यांचा मिसळलेला रंग. म्हणून काळ्यावर पिवळा किंवा पांढरा घातला की मळकट डाग उरतो. कव्हर-अपचं सगळं गणित इथून सुरू होतं.

आधी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता जुन्या टॅटूचा फोटो काढा. मग डोळे मिटून त्यावर बोट फिरवा. रेषा उंच लागली तर तिथे व्रण आहे. रंग बदलला तरी तिरप्या उजेडात तो उंचवटा दिसणारच, त्यामुळे नव्या चित्राची ठळक रेषा त्याच्यावरूनच न्यायला सांगा.

चित्राच्या बाबतीत मन थोडं सैल ठेवावं लागतं. जे म्हणायचं आहे ते ठरवा, पण त्यासाठी दोन-तीन वेगळी चित्रं घेऊन जा. त्यातलं कुठलं बसेल हे जुना टॅटू ठरवतो. पिसं, पानं, खवले, पाकळ्या यांत गडद-फिकट पोत मुळातच असतो, म्हणून ती चांगली झाकतात. चेहरा किंवा नाजूक अक्षरं जवळपास कधीच नाही. नवं चित्र जुन्याच्या दुप्पट-तिप्पट मोठं होईल हे गृहीत धरा. नजर जिथे आधी जाते तो भाग जुन्या शाईपासून दूर हवा आणि गडद शेडिंग तिच्यावर. नाव झाकायचं असेल तर अक्षरांच्या उभ्या रेषांना समांतर काही काढू नये. आडव्या-तिरक्या रेषांनीच अक्षराची ओळख मोडते. नुसता काळा ठोकळा भरून देणारा आर्टिस्ट टाळलेला बरा.

गडद काळ्यावर फिके रंगच हवे असतील तर आधी लेझरने शाई फिकी करून घ्या. पूर्ण काढायची गरज नसते, त्यामुळे बऱ्याचदा मोजक्या बैठकांत भागतं. दोन बैठकांमध्ये 6 ते 8 आठवड्यांचं अंतर ठेवा, आणि शेवटच्या बैठकीनंतर सुईआधी किमान तेवढेच जाऊ द्या.

आर्टिस्टकडे भरून आलेल्या कव्हर-अपचे फोटो मागा. ताजं काम सगळ्यांचंच छान दिसतं. सूज उतरून शाई स्थिरावली की जुन्या रेषा वर डोकावू लागतात. त्यासाठी 6 ते 8 आठवड्यांनी दुसरा हात लागतो आणि तो आधीच ठरवून ठेवावा. एकाच बैठकीत सगळं उरकायचा आग्रह धरला तर त्वचा फाटते, शाई टिकत नाही आणि नवा व्रण तयार होतो.

नंतरची काळजी नेहमीचीच: बिनवासाच्या सौम्य साबणाने धुणं, मलमाचा अगदी पातळ थर, खपली न ओढणं, 2-3 आठवडे पोहणं बंद. लाली पसरत गेली, पू किंवा ताप आला तर आर्टिस्टला नाही, डॉक्टरला दाखवा.