ब्रिटिशकालीन दगडी इमारतीची दुरुस्ती: आधी पाण्याचा बंदोबस्त, मग सिमेंट काढणं, शेवटी चुना भरणं

शंभर-सव्वाशे वर्षांची दगडी शाळा, कचेरी किंवा वाचनालय दुरुस्तीला काढलं की पहिल्या दिवशी सिमेंटच्या गोण्या उतरतात. बहुतेक नुकसान तिथून सुरू होतं. या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. पावसाळ्यात त्या ओल घेतात आणि पुढचे आठ महिने ती दगडांच्या सांध्यांतून बाहेर सोडतात. सांधे सिमेंटने बंद केले की ओल दगडातून वाट काढते. काळा पाषाण हे बरंच सोसतो. मालाडचा पिवळा दगड किंवा पोरबंदरी दगड मात्र सोसत नाही. त्याचे पोपडे सुटतात, कडा झिजतात आणि सिमेंटची रेघ तेवढी भिंतीबाहेर उभी राहते.

काम सुरू करण्यापूर्वी इमारतीचं वय आणि मूळ काम कुठलं हे ठरवा. कोनशिलेवरचं साल पायाभरणीचं असतं. काम पुरं व्हायला त्यानंतर काही वर्षं गेलेली असू शकतात. मंगलोरी कौलांवरच्या सालाने तर पुष्कळ जण फसतात. बासेल मिशनच्या कौलांवरचं १८६५ किंवा अल्बुकर्कच्या कौलांवरचं १८६८ हे कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौल भाजल्याचं नाही. ती कौलं त्याआधीची नाहीत, एवढंच त्यावरून कळतं. जॅक आर्चच्या (तुळयांमध्ये विटांच्या उथळ कमानी बांधून केलेल्या) स्लॅबखाली लोखंडी तुळया उघड्या असतील तर त्यांवर ‘डॉर्मन लाँग’सारखं कारखान्याचं नाव सापडतं, त्याचा फोटो आणि जागा नोंदवून ठेवा. पोरबंदरच्या कारखान्यात सिमेंट तयार होऊ लागलं ते १९१४ साली. त्याआधी ते बहुतेक परदेशातून यायचं. त्यामुळे १८८०-९० च्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिसला तर तो नंतरच्या डागडुजीचा समजायला हरकत नाही. कागदोपत्री पुराव्यासाठी मालमत्ता पत्रक, जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर (पुण्याचं १८८५ चं आहे) आणि मुंबई-पुण्याच्या पुराभिलेखागारांतल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या फायली पाहा.

परवानगीचं थोडक्यात. मुंबईत वारसा यादीची नियमावली १९९५ पासून आहे. इमारत यादीत असेल तर तिची श्रेणी पाहून वारसा समितीची वाट धरावी लागते. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नियमन लागू असतं. दुरुस्तीलाही परवानगी लागते, हे विसरू नका.

पाण्याचा बंदोबस्त

भिंतीला हात लावण्याआधी ऐन पावसात छत्री घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारा. पन्हळ कुठे ओसंडते, उतरता पाइप कुठे फुटलाय, कौलं कुठे सरकली आहेत, हे कोरड्या दिवसांत कळत नाही. पुढचा दोष जोत्याशी असतो. वर्षानुवर्षं भराव आणि फरशा पडून आवाराची पातळी वर चढलेली असते आणि जोत्यातले हवेचे झरोके बुजलेले असतात. भराव उपसा, झरोके मोकळे करा, जमिनीला भिंतीपासून दूर उतार द्या. भिंतीलगत सिमेंट काँक्रीटचा पट्टा घालू नका, कारण खालची ओल मग सरळ भिंतीत चढते.

सांध्यात उगवलेला पिंपळ ओढून काढायचा नाही. मुळांबरोबर दगड येतात. खोड भिंतीलगत कापून ताज्या कापावर तणनाशक लावा, काही महिने थांबा आणि मूळ मेल्यावर तेवढाच भाग उघडा. भेग दिसली तर ती लगेच बुजवू नका. तिच्यावर आडवी काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहा. एका पावसाळ्यात काच तडकली तर भेग चालू आहे आणि गवंड्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा.

लोणा (ओलीबरोबर वर आलेले पांढरे क्षार) लागलेला भाग धुऊ नका. पाण्याबरोबर क्षार परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा आणि ती पूड गोळा करून बाहेर टाका. सँडब्लास्टिंगचा (दाबाने वाळू मारून साफ करण्याचा) तर विचारही नको.

सांधे उकरणं आणि भरणं

कामाचा हंगाम पावसाळा संपून भिंत सुकल्यावर, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेच्या उन्हात चुना धरण्याआधीच सुकतो.

सिमेंट छिन्नी-हातोड्यानेच काढा. ग्राइंडरची पाती हमखास दगडाच्या कडेत घुसतात. सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर खोल उकरा. आतला चुना घट्ट असेल तर तिथेच थांबा. जुन्या चुन्याचा एक तुकडा ठेवून द्या. तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की चुना फसफसून विरघळतो आणि तळाशी वाळू-सुरखी (विटेची पूड) उरते. तिचा रंग आणि जाडी पाहून नवी वाळू निवडा. जुन्या मिश्रणात शिंपल्यांचा चुरा असेल तर तोही विरघळतो, म्हणून आम्लात टाकण्याआधी भिंगातून एकदा पाहून घ्या.

चुना मात्र बाजारातल्या पिशवीतला, रंगासाठीचा घेऊ नका. तो हवेत पडून मेलेला असतो. ताजी चुनकळी, म्हणजे भाजलेला पण न विझवलेला चुना, आणा. टाकीत आधी पाणी, मग चुनकळी. उलट केलं तर चुना उसळून डोळ्यांत जातो. पाणी चुनकळीच्या साधारण तिप्पट असावं. मिश्रण उकळतं, म्हणून प्लास्टिकची बादली नको, आणि चष्मा-हातमोज्यांशिवाय कुणाला जवळ येऊ देऊ नका. विझलेला चुना चाळून पाण्याखाली किमान तीन आठवडे मुरवा. तीन महिने मुरला तर उत्तमच.

एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी, दोन भाग धुतलेली, खरबरीत वाळू, हे मापाने, वजनाने नव्हे. यावरून आधी एका कोपऱ्यात हातभर नमुना करून पाहा. सुरखी कमी भाजलेल्या विटेची, बारीक दळलेली हवी. अती भाजलेल्या, काळपट विटेची सुरखी चुन्याशी धरत नाही. खाडीची वाळू नको, मीठ भिंतीत जातं. मिश्रण चुना दळायच्या घाणीवर किंवा मुसळाने कुटून मळा. कुटताना ते आपोआप मऊ होतं, म्हणून कोरडं वाटलं तरी पाणी ओतू नका. जास्त पाणी म्हणजे पुढे भेगा. गूळ, हिरडा, बेलफळ जुन्या कामात घालत असत, पण निकस चुना त्याने सुधारत नाही. प्रमाण चुकलं तर काम धरायला वेळ लागतो आणि बुरशीही येते.

सांधा आदल्या संध्याकाळी आणि भरण्याच्या अर्धा तास आधी भिजवा. पाणी ठिबकत नसावं. खोल पोकळीत चुन्याबरोबर दगडाच्या चिपा ठोका, नुसता चुना भरला तर तो आकसतो. २० मिलिमीटरच्या थरांनी, दाबून, दगडाच्या कडेपासून किंचित आत भरा. बोट दाबून ठसा उमटेनासा झाला की ताठ ब्रशने ठोकून पृष्ठभाग उघडा करा. थापीने गुळगुळीत केला तर वर साय धरते आणि आतला चुना हवेला मुकतो. मग ओलं गोणपाट, सात ते दहा दिवस, दिवसातून दोन-तीनदा शिंपडून.

ठेकेदार मध्येच “मूठभर सिमेंट घालू, लवकर सेट होईल” म्हणेल. घालू देऊ नका. त्या मुठीने चुना ना धड चुना राहतो, ना सिमेंट होतो, आणि क्षार भिंतीत शिरतात ते वेगळंच. काम झाल्यावर प्लास्टिक इमल्शन किंवा ‘वॉटरप्रूफ’ रंगही नको. गिलाव्यावर चुन्याची सफेदी पुरते. उरलेला नुसता मुरलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर एखादा सांधा नक्की उघडेल, तेव्हा त्याच चुन्याने तो भरता येतो.