पाळकांच्या नावाआधी काय लिहायचं?

धर्मशास्त्राचं शिक्षण संपलं आणि पहिलं काम हाती आलं ते एका आंतरपंथीय परिषदेचं. पाहुण्यांची पत्रं, कार्यक्रमपत्रिका, टेबलावरच्या नावाच्या पाट्या, सगळं माझ्याकडे. मी सरसकट सगळ्यांच्या नावाआधी 'रेव्ह.' (म्हणजे 'रेव्हरंड') लावून मोकळी झाले. पहिल्याच सकाळी एक वयस्कर बाप्टिस्ट पाळक आले, खिशातलं पेन काढून त्यांनी पाटीवरच्या त्या शब्दावर रेघ मारली आणि हळू आवाजात म्हणाले, "एवढं नको, बाळा." बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २३व्या अध्यायात येशू शिष्यांना गुरू, पिता अशा पदव्या घेऊ नका म्हणतो, त्याचा त्यांनी धरलेला हा अर्थ. प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन यांनाही 'रेव्हरंड' नको होतं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी तर उपाधी वापरतच नाहीत.

त्या रेघेमुळे मी हा विषय मुळापासून वाचायला घेतला.

'रेव्हरंड' हे पद नाही, लॅटिनमधून आलेलं विशेषण आहे: आदरास पात्र. म्हणून जुन्या इंग्रजी शिरस्त्यात ते पूर्ण नावाआधी येतं. नुसतं आडनावाला जोडणं चूक मानतात. अँग्लिकन मंडळीत, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेत, त्याच्या पायऱ्या आहेत. डीनला (कॅथेड्रलच्या प्रमुखाला) 'व्हेरी रेव्हरंड', बिशपना 'राइट रेव्हरंड', आर्चबिशपना 'मोस्ट रेव्हरंड'. बिशपच्या हाताखाली कारभार पाहणारा आर्चडीकन मात्र 'व्हेनरेबल'. हे पाठ करायला सोपं वाटतं, पण पंथ बदलला की गणित बदलतं. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेचा मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, वर्षभर 'राइट रेव्हरंड' असतो आणि पायउतार झाल्यावर 'व्हेरी रेव्हरंड' होतो. म्हणजे गेल्या वर्षीची यादी उचलून चालत नाही.

एका शब्दाने काय बिघडतं, असं वाटत असेल तर कीट खटला वाचा. इंग्लंडमधल्या कीट नावाच्या एका वेस्लियन (मेथडिस्ट) पाळकांना मुलीच्या थडग्यावर, वडील म्हणून आपल्या नावाआधी 'रेव्हरंड' कोरायचं होतं. गावच्या व्हिकरने, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळकाने, हरकत घेतली. प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिल या वरच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि १८७६ मध्ये निकाल लागला की हा शब्द चर्च ऑफ इंग्लंडच्या मालकीचा नाही. मुलगी गमावलेल्या बापाला एका शब्दासाठी तिथवर जावं लागलं, हे वाचल्यापासून पाटी छापताना माझा हात थांबतो.

कॅथलिक धर्मगुरूंना बोलताना 'फादर' म्हणायचं, पत्ता लिहिताना 'रेव्हरंड' येतं. कार्डिनलना 'हिज एमिनन्स'. 'मॉन्सिन्योर' हा काही धर्मगुरूंना पोपकडून मिळणारा मान आहे, हुद्दा नाही. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मप्रांतातल्या धर्मगुरूंसाठी तो नव्याने देण्यावर ६५ वर्षं वयाची अट घातली. आधी मिळालेल्यांचा मान तसाच राहिला, तेव्हा तरुण मॉन्सिन्योर दिसले तर चूक समजून खोडू नका. स्त्री पाळकांच्या बाबतीत तर अंदाज बांधूच नये. अँग्लिकन मंडळीत कुणी 'मदर' म्हणवून घेतात, कुणाला नुसतं नाव बरं वाटतं.

नवख्यांना माझं सांगणं, सहीवर विसंबू नका. सही करताना पाळक सहसा उपाधी लिहीत नाहीत; अनेक बिशप तर आधी क्रूसाची खूण करून पुढे नाव लिहितात. उपाधी शोधायची ती पत्राच्या छापील शीर्षावर. तीही जुनी असू शकते, म्हणून सरळ विचारावं: "पत्रिकेत आपलं नाव कसं छापू?" या प्रश्नाचा राग आलेला एकही पाळक मला अजून भेटलेला नाही.

माझ्या यादीत आता 'कसं संबोधावं' असा वेगळा रकाना असतो. ज्यांना उपाधी नको, त्यांच्यासमोर तो कोरा सोडत नाही, 'काही लावू नये' असं स्पष्ट लिहिते. कोरा दिसला की छापणारा आपल्या मनाने 'रेव्ह.' भरतो.