खोटी फिर्याद झाली? उलट केस शेवटी, आधी कागद

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. तांब्याची वायर चोरल्याचा गुन्हा माझ्यावर दाखल झाला तेव्हा जो तो म्हणे, "तूही उलट केस टाक." टाकायचीच, पण ती शेवटची पायरी.

आधी एफआयआरची प्रत मिळवा. संवेदनशील गुन्हे सोडले तर ती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर असते. कलमांपेक्षा तारीख-वेळ बारकाईने वाचा. माझ्यावरच्या फिर्यादीत चोरीची म्हणून जी वेळ होती, तेव्हा मी ड्युटीवरच नव्हतो.

हे सिद्ध करणारं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग मात्र काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. फुटेज, गेट रजिस्टर, पंचिंगच्या नोंदी ताब्यात घ्याव्यात असा अर्ज तपास अधिकाऱ्याच्या नावे लगेच द्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. ठाणे अंमलदार "ठेवून जा" म्हणाले तरी हलू नका. नाहीच दिला शिक्का, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

शिक्षा ७ वर्षांपर्यंतची असेल तर पोलीस सहसा बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देतात. हजर राहा. अटकेची भीती असेल तर नाशिकमध्ये सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात त्याच कायद्याच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कमी उत्पन्नवाल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. फिर्यादीला फोन करून जाब विचारू नका, उद्या त्याचीच 'धमकी' होते.

बीएनएसएस कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करायला मुंबईत उच्च न्यायालय गाठावं लागतं. फिर्याद जशीच्या तशी खरी मानली तरी गुन्हा बनत नसेल, तेव्हा हा मार्ग खरा उपयोगी. वेळेचा वाद असेल तर तिथे फारसं हाती लागत नाही, असं माझं मत.

आता ज्याकडे फार कमी लोक बघतात ते. तपासात काही निघालं नाही की पोलीस न्यायालयाला समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवतात. 'सी' समरी म्हणजे गैरसमजातून झालेली फिर्याद, 'बी' म्हणजे जाणूनबुजून खोटी. "सुटलात ना, मग झालं" म्हणत 'सी'वर भागवलं जातं. पण खोटी माहिती (बीएनएस, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा, कलम २१७) किंवा खोटा आरोप (२४८) याबद्दल कारवाई हवी असेल तर 'बी'चाच आधार लागतो. तेव्हा समरी जायच्या आधीच लेखी मागणी करा. २१७ ची तक्रार आपल्याला थेट करता येत नाही, ती संबंधित पोलीस अधिकाऱ्यानेच न्यायालयात करावी लागते; म्हणून त्यांनाच अर्ज द्या.

खटला चालून निर्दोष सुटलात, तर द्वेषाने खटला भरल्याबद्दल भरपाईचा दिवाणी दावा १ वर्षात लावावा लागतो. विनाकारण अटकेची भरपाई बीएनएसएस कलम ३९९ मध्येही आहे, कमाल १,००० रुपये! वकिलाची एका तारखेची फीसुद्धा त्यातून निघणार नाही.

आदेश झाला की नक्कल विभागातून सही-शिक्क्याच्या दोन प्रती काढा. नव्या नोकरीच्या पोलीस पडताळणीत त्याच मागतात.