इंदूरला चार दिवस: सगळ्यांच्या भेटी कशा बसवाव्यात

चार दिवसांच्या मुक्कामात वीस घरं ठरतात, प्रत्यक्षात होतात नऊ, आणि उरलेल्यांचे रुसवे पुढच्या खेपेपर्यंत पुरतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: यादी नात्याप्रमाणे केलेली असते. ती भागाप्रमाणे करा.

त्याआधी पत्ते तपासा. रामबाग, नारायणबागेतले कितीतरी वाडे पाडून तिथे इमारती झाल्या. मुलं निपानियाला किंवा पार राऊकडे सिलिकॉन सिटीत गेली, आणि आई-वडील कधी या मुलाकडे तर कधी त्या. निघण्याआधी आठवडाभर फोन करून ‘सध्या मुक्काम कुठे?’ एवढं विचारा आणि घरातल्या तरुण मंडळींकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवा. डायरीतल्या जुन्या लँडलाइनच्या भरवशावर राहू नका.

मग तीन गट पाडा. पश्चिमेला राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, अन्नपूर्णा. मध्यभागी रामबाग, मल्हारगंज, स्नेहलतागंज. पूर्वेला टिळकनगर, कनाडिया रोड, निपानिया. अर्ध्या दिवसात एकच गट, आणि त्यात फार तर तीन घरं. प्रत्येक घराला एक तास धरा: पाऊण तास बसणं आणि पाव तास दारात उभं राहून निघणं. हा पाव तास कुणीच हिशेबात धरत नाही, म्हणून तिसऱ्या घरी पोहोचेपर्यंत पोहे गार होतात. राजवाडा, जेल रोडच्या बाजूला स्वतःची गाडी नेऊ नका. रिक्षाने जा, नाहीतर भेटीचा वेळ पार्किंग शोधण्यात जाईल.

वयस्कर मंडळींकडे सकाळी साडेदहा ते बारा किंवा दुपारी साडेचारनंतर जा. मधली वेळ जेवणाची आणि झोपेची. ‘येऊ का?’ विचारलं तर ती ‘या’ म्हणतात आणि मग पेंगत बसतात. नव्वदीकडे झुकलेल्यांना पहिल्याच दिवशी भेटा. शेवटच्या दिवसावर ढकललेली घरंच राहून जातात.

समाचाराला जायचं असेल तर ते घर वेगळं ठेवा: सकाळी जा, मिठाई नेऊ नका, निघताना ‘येतो’ म्हणू नका. तिथून थेट डोहाळजेवणाच्या किंवा बारशाच्या घरी गेलेलं जुन्या लोकांना खटकतं.

खरी कसोटी खाण्याची. ‘काही करू नका’ हे वाक्य इंदुरात चालत नाही. त्याचा अर्थ ‘शिरा करा, पोहे करा, वर सेव घाला’ असा घेतला जातो. त्यापेक्षा फोनवरच नेमकं सांगा: ‘जेवण आत्याकडे आहे, तुमच्याकडे अर्धा कप चहा घेईन.’ मागितलेली गोष्ट मिळाली की यजमानाचं समाधान होतं आणि तुमचं पोट वाचतं. दिवसाला एकच घर जेवणाचं, आणि ते त्या दिवसाच्या शेवटी.

नेण्याच्या वस्तूंत नमकीन नको. शेव-चिवड्याच्या गावाला चिवडा कशाला? आमसुलं, कुळथाचं पीठ, मेतकूट, आंबावडी, दिवाळीनंतर जात असाल तर दिवाळी अंक, हे आनंदाने घेतलं जातं. मिठाई नेण्याआधी घरात कुणाला मधुमेह आहे का, ते सुनेला विचारा. काकांना विचारलं तर ते नाही म्हणणारच. घरोघरच्या पिशव्या आदल्या रात्री भरून त्यावर नावं घाला. दोन पिशव्या जादा ठेवा, कारण वरच्या मजल्यावरच्या मावशींना कळतंच. मुलांच्या हातावर ठेवायला 100च्या कोऱ्या नोटा आणि 1 रुपयाची नाणी घरूनच न्या. इथे यूपीआय चालत नाही.

शाळेतल्या मित्रांना एकेकट्याच्या घरी भेटत बसू नका, सगळ्यांना एकत्र बोलवा. बोलायचं असेल तर छप्पन दुकानला सकाळी पोहे-जिलबीसाठी. सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा (मक्याचा) कीस आणि हिवाळ्यात गराडू (तळलेला कंद) खायला रात्री नऊनंतर जरूर जा, पण गप्पांची अपेक्षा ठेवू नका. तिथल्या गर्दीत शेजारच्याचंही ऐकू येत नाही. चौघांत एक एक प्लेट घ्या, तरच चार ठिकाणं होतात.

तारखा निवडताना रंगपंचमी आणि अनंत चतुर्दशी टाळा, अर्थात गेर (रंगपंचमीची मिरवणूक) किंवा झांक्याच (अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतले देखावे) बघायच्या असतील तर गोष्ट वेगळी. त्या दिवशी मध्यभागातली घरं रस्ते बंद असल्याने गाठता येत नाहीत. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सुटतं. सुट्ट्यांत मुंबईहून येणाऱ्या अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट पहिल्याच दिवशी काढा.

परतीसाठी एक रिकामी बॅग न्याच. ओटीचे नारळ, ब्लाउजपीस, लोणच्याच्या बरण्या जमत जातात. नारळ, तांदूळ मुक्कामाच्या घरीच वापरायला ठेवा. लोणच्याची बरणी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून तोंड दोऱ्याने बांधा. नुसतं झाकण घट्ट लावून भागत नाही, डुलत्या गाडीत तेल बाहेर येतंच.