तिसरी केबल खोचली की सूर उतरायचा

युरोरॅक म्हणजे सुटी मॉड्यूलं केबलींनी जोडून बनवायचा सिंथेसायझर. त्याचा हिशेब तसा सरळ: एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. माझे तिन्ही ऑसिलेटर (सूर काढणारी मॉड्यूलं) एकेकटे सुरात होते, पण एकाच कीबोर्डला जोडले की खाली ठीक आणि दोन सप्तकं वर गेलं की जवळजवळ अर्धा सेमीटोन उतरलेले. दोन रात्री मी ट्रिमपॉट (सूर जुळवायचे छोटे स्क्रू) पिळत बसलो. फुकट!

मग चुकून एक केबल निघाली आणि उरलेले दोघे किंचित चढले. दोन सप्तकं वरच्या सुरावर, जिथे २ व्होल्ट हवेत, मल्टिमीटर लावला. एकच ऑसिलेटर जोडलेला असताना १.९८ व्होल्ट, तिघे जोडल्यावर १.९४. कीबोर्डच्या आउटपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर, प्रत्येक ऑसिलेटरचा इनपुट १०० किलोओहमचा. साध्या पॅसिव्ह मल्टिपलमधून (एक सिग्नल अनेक केबलींत देणारा फाटा) सिग्नल वाटून दिला की दर जोडणीमागे थोडा व्होल्टेज गळणारच.

बफर्ड मल्टिपल (व्होल्टेज गळू न देता सिग्नल वाटणारा) आणला. पॉवर केबलची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूला आहे ना, हे तीनदा पाहिलं (एक मॉड्यूल असंच जाळलंय). ट्रिमपॉट पुन्हा जुळवले.

तिघांनी वरचा सा एकदम धरला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. आता मॉड्यूलं बसवायची केस भरलीय, आणि फिल्टरच्या मॉड्यूलला जागाच नाही.