एक्स्टर्नल हार्ड डिस्कचा खरा वेग घरी कसा मोजावा

खानापूरकडचं एक लग्न शूट करून बेळगावला परतलो तेव्हा ६४ जीबीचं कार्ड काठोकाठ भरलं होतं. लॅपटॉपवर उतरवलं आणि हार्ड डिस्कवर कॉपीला लावलं. शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मामा, अजून अर्धा तास दाखवतंय की!" आठवड्यापूर्वी एवढंच काम त्याच डिस्कवर दहा मिनिटांत झालं होतं. फरक होता केबलचा. डिस्कची रुंद टोकाची केबल घरी विसरलो होतो, म्हणून जुन्या मोबाइलची चार्जिंग केबल लावली होती. ती डिस्कच्या रुंद खाचेच्या मोठ्या भागात नीट बसते, डिस्कही चालू होते, पण वेग मिळतो यूएसबी २.० चा, म्हणजे जुन्या, संथ पिढीचा.

तुमच्याकडे काय चाललंय ते मोजायला २० जीबीची एकच व्हिडिओ फाइल घ्या. लॅपटॉपच्या रॅमपेक्षा फाइल मोठीच हवी, नाहीतर कॉपीचा बराच भाग रॅममध्ये जातो आणि सुरुवातीला सेकंदाला ४००-५०० एमबीचा खोटा आकडा दिसतो. फाइल लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेली, चिपवरची डिस्क) ठेवा. कार्ड रीडरवरून कॉपी केलीत तर वेग कार्डाचा मोजला जाईल. स्क्रीनवरच्या पट्टीकडे बघू नका. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबला की बंद करा. एमबीला सेकंदांनी भागलं की झालं. मग चाचणीची फाइल पुसून दुसरी केबल, दुसरं पोर्ट, पुन्हा तेच. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि लॅपटॉप चार्ज करून ठेवा. आमच्याकडे करंट नेमका कॉपी अर्ध्यावर असताना जातो.

यूएसबी २.० वर कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, पण हातात पडतात ३० ते ४० मेगाबाइट (आठ बिट म्हणजे एक बाइट). म्हणजे २० जीबीला साधारण साडेनऊ मिनिटं. यूएसबी ३.० चा आकडा ५ गिगाबिट. तरी फिरत्या तबकडीची छोटी डिस्क १०० ते १४० मेगाबाइटच्या आसपासच थांबते, कारण तिथे अडतं ते तबकडीपाशी. डिस्क भरत आली की वेग आणखी उतरतो: लेखन बाहेरच्या कडेपासून आत सरकतं आणि आतल्या फेऱ्यात माहिती कमी मावते. त्यामुळे अशा डिस्कसाठी १० गिगाबिटचं पोर्ट किंवा त्याहून वेगवान थंडरबोल्ट पोर्ट घेणं म्हणजे पैसे वाया. एसएसडी असेल तर गोष्ट वेगळी. ५ गिगाबिटच्या पोर्टवर ती ४०० च्या पुढे सहज जाते.

आणखी एक चाचणी जरूर करा. पाच हजार फोटोंचं फोल्डर कॉपी करा. एका मोठ्या फाइलपेक्षा वेग बराच पडेल, कारण प्रत्येक फाइलची नोंद वेगळी करावी लागते.

आकडा ४० च्या खालीच अडकला तर आधी केबल बदला, मग पोर्ट. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टपेक्षा मागचं बरं. यूएसबी ३.० चं पोर्ट बहुतेक आतून निळं असतं, पण सगळ्याच कंपन्या निळं देत नाहीत. शेजारी 'एसएस' (SS, म्हणजे सुपरस्पीड) खूण शोधा. टाइप-सी केबल दिसायला सगळ्या सारख्याच, पण मोबाइलसोबत आलेल्या कितीतरी आतून २.० च्याच असतात. मी माझ्या त्या चार्जिंग केबलला लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे. भाचा आता तिला डिस्कच्या पिशवीत जाऊच देत नाही.